पुसायची राहून गेलेली काच

मित्रांनो, विज्ञानाच्या तासाला गुरुजी मला कपाटातून बाहेर काढतात, तेव्हा तुमच्यातले बरेच जण "दुर्बीण आली, दुर्बीण आली" असं ओरडतात. दुर्बीण माझी लांबची बहीण. ती दूरचं जवळ आणते. मी आहे सूक्ष्मदर्शक, आणि तोही जुना. जे माणसाच्या अगदी जवळ असतं, त्याच्या रक्तात, थुंकीत, कातडीत असतं, आणि तरीही कुणाला दिसत नाही, ते दाखवायचं माझं काम. माझ्या नळीवरचा काळा रंग आता उडाला आहे आणि खालचं पितळ दिसतं. माझं एक चाक फिरता फिरत नाही. तुम्ही माझ्यातून कांद्याची साल बघता, डबक्यातल्या पाण्यातले किडे बघता आणि हसता. मला ते आवडतं. पण आज मला तुम्हाला लंकाबाईची गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर कुणाला सांगितली नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. माझी भिंगं घासणारा कारागीर म्हातारा होता. तो प्रत्येक भिंग खिडकीशी धरून बघायचा आणि मनाला पटलं नाही तर पुन्हा घासायला घ्यायचा. मग मला लाकडी पेटीत बसवलं, बोटीनं मुंबईला आणलं आणि रेल्वेनं नगरला. नगरच्या एका डॉक्टरांनी मला पंचवीस वर्षं वापरलं. ते थकले, दवाखाना बंद केला, तेव्हा त्यांनी मला जामखेडच्या रस्त्यावरच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्याला देऊन टाकलं.

चार खोल्या, वर पत्रे, अंगणात एक कडुलिंब. एवढाच तो दवाखाना. तपासणीच्या खोलीला पूर्वेकडे खिडकी होती आणि त्या खिडकीशी माझं टेबल. माझ्यात विजेचा दिवा नाही. पायाशी एक गोल आरसा आहे, तो उजेड पकडून वर पाठवतो. त्यामुळे मला खिडकीशीच ठेवावं लागायचं, आणि म्हणून अंगणातलं सगळं मला दिसायचं, ऐकू यायचं.

मला सांभाळणाऱ्याचं नाव सूर्यभान. शेतकऱ्याच्या घरचा, अकरावी झालेला, पुण्यात वर्षभर राहून तपासणीचं काम शिकून आलेला. वय तिशीचं. काम संपलं की तो झायलीनचे, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब मऊ कापडावर घ्यायचा आणि माझं मोठं भिंग पुसायचा. त्या भिंगाला तेलाचा थेंब लागतो. ते तेल वेळेवर पुसलं नाही तर वाळतं आणि काच आंधळी होते. एकदा जिल्ह्याचे मोठे डॉक्टर आले होते. माझ्यातून बघून ते म्हणाले, "एवढ्या आडबाजूला इतकी स्वच्छ काच!" सूर्यभानानं ते वाक्य महिनाभर येईल त्याला सांगितलं. मीही मनातून फुगलो होतो.

बाहत्तर सालच्या मार्चमध्ये लंकाबाई पहिल्यांदा आली. बरोबर तिचा नवरा कानिफनाथ. पूर्वेच्या कोरड्या भागातली माणसं, घरी थोडी जिरायती जमीन. दिवाळीनंतर ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची. लंकाबाई बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिनं पदर नाकापर्यंत ओढला होता. सूर्यभान म्हणाला, "ताई, पदर जरा बाजूला घ्या." तेव्हा तिनं तो हळूच वर केला.

दोन्ही गालांवर आणि नाकाच्या मध्यावरून लाल, किंचित उंच झालेला चट्टा होता. एखादं फुलपाखरू पंख पसरून तोंडावर बसावं तसा. दंडावरही चट्टे होते, पण चोळीची बाही जिथं संपत होती तिथून खाली. बाहीच्या आत झाकलेली कातडी स्वच्छ होती. पुढचे केस विरळ झाले होते आणि बोटांची पेरं सुजली होती.

"फडात हुतो तवा तोंड लाल झालं," कानिफनाथ सांगू लागला. "म्हनलं, उसाचं पाचट लागलं आसंल. मंग ताप यायला लागला. आता सकाळी हिची बोटंच वळत न्हाईत, कोयता धरता येत न्हाई."

लंकाबाई खाली बघत म्हणाली, "गावात समदी म्हारोग म्हनत्यात, भाऊ."

तिच्या सासूनं, रंगुबाईनं, तिचं ताट आणि तांब्या वेगळा केला होता. तिचं अंथरूण गोठ्यात टाकलं होतं. आणि तिची तीन वर्षांची मुलगी, कडू, तिच्यापासून काढून घेतली होती. "पोरगी रडती, मी कुडाच्या आल्याड बसून आयकते," एवढंच लंकाबाई बोलली.

सूर्यभानानं तिच्या कानाच्या पाळीला आणि गालाला बारीकशी चीर देऊन रस काचेच्या पट्टीवर घेतला. महारोगाचे जंतू रंग दिल्यावर लाल काड्यांसारखे दिसतात. त्या दिवशी तो माझ्यातून तासभर बघत होता. काच जराजराशी सरकवली. एकही काडी दिसली नाही.

"तुमच्या कातडीत महारोग नाही, ताई," तो म्हणाला.

तिनं पदरात तोंड घातलं आणि रडली. मग डोळे पुसून विचारलं, "मंग काय हाय?"

"ते डॉक्टरबाई बघतील," तो म्हणाला.

ती दोघं अंगणात येऊन उभी राहिली. कडुलिंबाची सावली तेव्हा अगदी लहान झाली होती आणि तीत भिमाजी बसला होता. भिमाजी खराच महारोगी. त्याची बोटं झडून गेली होती. दर महिन्याला गोळ्या न्यायला तो चालत यायचा. लंकाबाईला उन्हात पदर सावरताना बघून तो उठला आणि उन्हात जाऊन बसला.

"हितं बस, पोरी," तो म्हणाला. "तुला ऊन सोसंना दिसतंय. माझ्या कातडीला आता ऊन कळतच न्हाई."

ती घुटमळली. मग सावलीत बसली, आणि थोड्या वेळानं सरकून तिनं त्याच्यासाठीही जागा केली.

आमच्या डॉक्टरबाई चाळिशीच्या, शांत, थोडं बोलणाऱ्या. त्यांनी लंकाबाईला तपासलं, दोन दिवस जाड पुस्तक उघडून बसल्या आणि मग सूर्यभानाकडे आल्या. त्यांना एका आजाराची शंका होती. त्यात रक्तातली एक विशिष्ट पेशी शोधावी लागते. तिला एल. ई. पेशी म्हणतात. रक्त नळीत घेऊन दोन तास अंगाइतक्या उबेत ठेवायचं, गोठलेला गोळा जाळीवर चोळून गाळायचा, गाळलेलं फिरकीयंत्रात फिरवायचं, वरचा पांढुरका थर काचेवर पसरायचा आणि जांभळा रंग द्यायचा. सूर्यभानानं हे कधी केलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी पुस्तकातलं चित्र दाखवलं आणि त्यानं ते कागदावर पेन्सिलीनं काढून घेतलं.

एप्रिलमध्ये लंकाबाई रक्त द्यायला आली. आणि इथं, मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस येतो.

त्या आठवड्यात खोकल्याच्या रोग्यांची तपासणी चालू होती. रोज तीस-तीस काचा. झायलीनची बाटली चार दिवसांपूर्वी संपली होती आणि नगरहून नवी आली नव्हती. सूर्यभान माझं भिंग सदऱ्याच्या टोकानं पुसत होता. तेल पुरतं निघत नव्हतं. दर दिवशी एक पातळ थर वाळत होता. मला धुक्यातून बघितल्यासारखं होत होतं. त्यालाही ते जाणवत होतं. त्यानं दोनदा डोळे चोळले. एकदा स्वतःशीच म्हणाला, "काच जरा धूसर झालीय. उद्या बघू."

लंकाबाईची काच त्यानं सगळ्यात शेवटी लावली. ऊन कलत आलं होतं. त्यानं अर्धीअधिक काच बघितली. जांभळे ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसत होते. मला ठाऊक होतं की मी नीट दाखवत नाही. पण मला तोंड नाही. तो उठला आणि त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, "एल. ई. पेशी आढळल्या नाहीत."

ती चिठ्ठी वाचून डॉक्टरबाईंनी आपली शंका बाजूला ठेवली. सांधेदुखीच्या गोळ्या दिल्या, तोंडाला मलम दिलं. लंकाबाई गेली. उन्हात जाऊ नकोस, असं तिला कुणी सांगितलं नाही.

त्या वर्षी पाऊस पडला नाही, हे तुमच्या घरची मोठी माणसं तुम्हाला सांगतील. आषाढ कोरडा गेला, श्रावणही. शेतात काही नव्हतं. सरकारनं दुष्काळी कामं काढली आणि गावंच्या गावं खडी फोडायला, तलावाची माती वाहायला जाऊ लागली. आमच्या खिडकीसमोरच्या रस्त्यानं पाट्या आणि हातोडे घेतलेली माणसं रोज पहाटे जाताना दिसत.

नोव्हेंबरमध्ये कानिफनाथानं लंकाबाईला बैलगाडीतून आणलं. मी तिला आधी ओळखलंच नाही. तोंड सुजून डोळे बारीक झाले होते. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. गालावरचा चट्टा काळपट होऊन त्यावर खपल्या धरल्या होत्या आणि तोंडात फोड होते.

"चार म्हैनं खडी फोडली तिनं," कानिफनाथ म्हणाला. "बाकीच्या बाया दुपारच्या झाडाखाली भाकरी खायाच्या. हिला जवळ बसू देत नव्हत्या. ही उन्हातच बसायची."

सूर्यभानानं तिची लघवी नळीत घेऊन तापवली. ती दह्यासारखी पांढरी झाली. मूत्रपिंडं बिघडल्याची ती खूण. त्यानं पुन्हा रक्त घेतलं. या वेळी झायलीनची भरलेली बाटली टेबलावर होती. त्यानं माझं भिंग काढलं, तीन वेळा पुसलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि परत बसवलं. तिच्या बाबतीत माझे डोळे सात महिन्यांनी उघडले म्हणा ना.

पहिल्या पाच मिनिटांत ती पेशी दिसली. एका पांढऱ्या पेशीनं एक मोठा, गोल, मऊ जांभळा गोळा गिळला होता आणि त्या गोळ्यानं तिचं स्वतःचं केंद्र कडेला रेटलं होतं. हुबेहूब पेन्सिलीच्या चित्रासारखी. मग दुसरी. मग तिसरी.

सूर्यभानानं तिन्ही पुन्हा एकदा बघितल्या. मग उठून त्यानं कपाटातली जुन्या काचांची पेटी काढली. एप्रिलची काच शोधली. ती त्यानं माझ्याखाली ठेवली.

त्या काचेवरही त्या होत्या. मोजून चार.

तो तसाच डॉक्टरबाईंकडे गेला. दोघं या खोलीत परत आली. डॉक्टरबाईंनी दोन्ही काचा बघितल्या.

"बाई, एप्रिलमध्येच होतं हे," सूर्यभान म्हणाला. "भिंग खराब झालेलं मला कळत होतं. मी तसंच बघितलं आणि नाही म्हणून लिहिलं."

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "चिठ्ठी तुम्ही लिहिलीत," त्या सावकाश म्हणाल्या, "पण त्या एका चिठ्ठीवर मी विसंबले. तिचं तोंड माझ्यासमोर होतं, दंड माझ्यासमोर होते. बाहीतली झाकलेली कातडी चांगली आणि उन्हातली खराब, हे मी बघितलं होतं. पुन्हा रक्त तपासा म्हणायला हवं होतं. निदान उन्हात जाऊ नको एवढं तरी सांगायचं." मग त्यांनी विचारलं, "आता तिला सांगायचं कोणी?"

"मी सांगतो."

त्याला कुणी सांग म्हटलं नव्हतं. गप्प राहिला असता तर त्या दोन काचा कुणाला कळल्या असत्या? खिडकीतून मी त्याला अंगण ओलांडताना बघितलं. लंकाबाई कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. तेल, सदऱ्याचं टोक, उरलेली अर्धी काच, सगळं.

कानिफनाथानं त्याची गचांडी धरली. "चार म्हैनं उन्हात जाळली तिला! ठावं आसतं तर मी एकट्यानं खडी फोडली आसती. एक येळ जेवलो आसतो!"

सूर्यभानानं हात वर केला नाही.

"सोडा त्यास्नी," लंकाबाई म्हणाली. कानिफनाथाचा हात सुटला. तिनं सूर्यभानाला विचारलं, "भाऊ, म्हारोग न्हाई म्हनला हुता तुमी. त्ये बघताना तरी काच पुसली हुती ना?"

"होय ताई. ती पुसली होती. आज पुन्हा बघितलं. महारोग नाही."

"मंग त्ये कागदावर लिवून द्या. शिक्का मारून द्या. मला माझी पोरगी पायजे."

तिनं दुसरं काही मागितलं नाही.

डॉक्टरबाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "लंकाबाईला महारोग नाही. तिचा आजार कुणाला लागत नाही. तिच्याजवळ बसावे, जेवावे, तिचे मूल तिच्याजवळ द्यावे." खाली सही आणि शिक्का. कागद हातात देताना त्या म्हणाल्या, "आणि महारोग असता, तरी गोठ्यात ठेवायचं काही कारण नव्हतं. त्यावरही औषध आहे. भिमाजीला विचारा."

मग त्यांनी त्या दोघांना आजार समजावून सांगितला. मला तो शब्द न् शब्द आठवतो. "आपल्या रक्तात राखणदार असतात. बाहेरून जंतू आला की ते त्याला मारतात. त्यांना प्रतिद्रव्यं म्हणतात. आता समजा, तुमच्या शेतातला राखणदार बावचळला आणि पाखरं सोडून कणसांवरच गोफण मारायला लागला, तर? लंकाच्या रक्तातली प्रतिद्रव्यं तशी झाली आहेत. ती तिच्याच पेशींच्या केंद्रावर तुटून पडतात. ऊन लागलं की कातडी भाजते आणि हा दंगा आणखी वाढतो. म्हणून चट्टे तोंडावर आणि हातांवर. तिथं थांबलं असतं तर बरं. आता ते मूत्रपिंडापर्यंत गेलं आहे."

"नाव काय म्हनायचं ह्येचं?" कानिफनाथानं विचारलं.

"ल्युपस. जुन्या परदेशी भाषेत त्याचा अर्थ लांडगा. चट्टा लांडग्यानं चावल्यासारखा दिसतो म्हणून."

लंकाबाईच्या सुजलेल्या तोंडावर पुसटसं हसू आलं. "आमच्या माळावं लई लांडगं हायेत, बाई. त्ये मेंढरू न्हेत्यात तवा कुत्री तरी भुकत्यात. ह्यो आला कवा आन बसला कवा, कुनालाच कळलं न्हाई."

तिचं थोडं रक्त थर्मासात बर्फ घालून मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाकडे पाठवलं. तिथं प्रतिद्रव्यं ओळखायची नवी तपासणी होत होती. सूर्यभान स्वतः एस.टी.नं नगरला गेला आणि पुढं रेल्वेनं मुंबईला. तीन आठवड्यांनी पत्र आलं. पेशीच्या केंद्राविरुद्धची प्रतिद्रव्यं भरपूर प्रमाणात सापडली होती. शंकेला जागा उरली नाही. पण झालेला उशीर ते पत्रही भरून काढणार नव्हतं.

लंकाबाईला दोन प्रकारच्या गोळ्या सुरू झाल्या. एक हिवतापावर देतात ती, आणि दुसरी दंगा शांत करणारी. उन्हात पाऊल टाकायचं नाही, बाही मनगटापर्यंत, डोक्यावर छत्री. कानिफनाथ दर पंधरा दिवसांनी गोळ्या न्यायला यायचा. सूर्यभानाशी तो पहिले दोन महिने एक अक्षर बोलला नाही. चिठ्ठी घ्यायचा, गोळ्या घ्यायचा आणि जायचा.

जानेवारीत तो आईला घेऊन आला. रंगुबाई ठेंगणी, काटक, कपाळावर मोठं कुंकू. गावात शाळेच्या मास्तरांनी मारुतीच्या पारावर डॉक्टरबाईंचा कागद वाचून दाखवला होता. बऱ्याच जणांनी मानला. तिनं मानला नव्हता.

"कागद काय, कुनीबी लिवतंय," ती दारातूनच म्हणाली. "मला डोळ्यानं दाखवा."

सूर्यभानानं भिंग पुसलं. आधी भिमाजीच्या कातडीची काच लावली. "या बसा, मावशी. एक डोळा मिटा. लाल काड्या दिसतात?"

"व्हय. लई हायेत. मुंग्यावानी."

"हा महारोग. भिमाजीचा. आता ही तुमच्या सुनेची." त्यानं काच बदलली आणि हळूहळू सरकवत राहिला. "बघा, काडी दिसते का. दिसली की सांगा."

रंगुबाई बघत राहिली. डोळा थकला की दुसरा लावायची. तिचा श्वास माझ्या नळीवर येत होता. अर्धा तास तरी गेला असेल. शेवटी ती मागं सरकली.

"न्हाई," ती म्हणाली. "एकबी न्हाई." आणि मग कुणाकडेही न बघता, "मंग म्या तिला गोठ्यात का ठिवली?"

सूर्यभानानं काच उतरवून पेटीत ठेवली.

त्या दिवसापासून लंकाबाई घरात राहू लागली. पुढच्या खेपेला कानिफनाथ सूर्यभानाशी पहिल्यांदा बोलला. "कडू आता आईजवळ निजती," तो म्हणाला. "पयल्या दिशी वळखच देईना. आईच्या तोंडाला हात लावून बघत हुती. मंग म्हनली, 'आई, दुकतंय का?'" सूर्यभानानं त्याला पाणी दिलं आणि त्यानं ते घेतलं.

शिमग्यापर्यंत लंकाबाईची सूज उतरली. एकदा ती छत्री घेऊन स्वतः आली. चट्टा फिकट झाला होता, बोटं वळत होती. तिनं कडूच्या केसांची घातलेली वेणी सूर्यभानाला दाखवली. "माझ्या हातची हाय, भाऊ." कडूनं माझ्या आरशात स्वतःचं तोंड बघितलं आणि जीभ काढली. त्या दिवशी मला वाटलं होतं की कदाचित आपण वेळेत पोहोचलो.

तसं नव्हतं. वैशाखात पुन्हा पायाला सूज आली. लघवी कमी होत गेली. डॉक्टरबाईंनी गोळ्या वाढवल्या. तिला पुण्याला पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी महिनाभर ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणून सांगितलं. मूत्रपिंडं संपली होती. त्र्याहत्तरच्या श्रावणात लंकाबाई गेली.

हे आम्हाला आठ दिवसांनी कळलं. कानिफनाथ उरलेल्या गोळ्या परत द्यायला आला होता. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडतील, म्हणाला. तो माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि सूर्यभानानं न विचारताच सांगू लागला.

"शेवटी शुद्धीत न्हवती. कडूचा हात हातात हुता. मंग अंघुळ घालायची येळ आली, तर बाया पुढं येईनात. कागद वाचला हुता, ऐकला हुता, तरीबी समद्या भिताडाला टेकून उभ्या. मंग आई उठली. म्हनली, 'सरा बाजूला. माझ्या लेकीला मी घालते.' एकटीनं पानी तापवलं. तोंडावरनं, गालावरनं, समदीकडनं हात फिरवून अंघुळ घातली. केस विंचरले. हिरवी चोळी घालताना लंकीशी बोलत हुती. काय बोलत हुती ते मला आयकू आलं न्हाई. मी दाराभायेर हुतो."

सूर्यभान उभा राहिला. कानिफनाथानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एक क्षणभर, आणि तो निघून गेला.

त्या दिवशी अकरा काचा तपासायच्या होत्या आणि अंगणात माणसं वाट बघत बसली होती. सूर्यभानानं तोंड धुतलं आणि तो माझ्यासमोर येऊन बसला. अकराच्या अकरा काचा त्यानं दोनदा बघितल्या. चिठ्ठ्या जायला उशीर झाला. कुणी कुरकुर केली नाही.

पुढं विजेच्या दिव्याचा नवा सूक्ष्मदर्शक आला. मी काही वर्षं पेटीत पडून राहिलो, माझ्या एका भिंगाला बुरशी धरली, मला कुणी विचारीनासं झालं. मग डॉक्टरबाईंनी मला तुमच्या शाळेला दिलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. प्रत्येक वस्तूचा काळ असतो. वाईट वाटतं ते त्या एका एप्रिलच्या दुपारचं.

म्हणून, मित्रांनो, एवढंच मागतो. मला हाताळून झालं की माझं भिंग पुसून ठेवा. कंटाळा आला असेल, घंटा झाली असेल, तरी पुसा. उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी पूल बांधेल, कुणी शाळेत उत्तरपत्रिका तपासेल. नीट दिसत नसेल तर "दिसत नाही" असं लिहा, "नाही" असं लिहू नका. आणि इतकं करूनही चूक झालीच, तर जिचं नुकसान झालं तिच्यासमोर जाऊन बसा आणि सांगा. सूर्यभानाला अंगण ओलांडून जायला कुणी सांगितलं नव्हतं. मी खिडकीतून बघत होतो. पण तो गेला.